झोपडीतली बाई कुठे गेली?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण, किंचित संपादित करून.)



आजच्या वर्गाचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा आपल्यातल्याच एकीने मला विचारलं, "ताई, आपल्याकडच्या बायकांचे प्रश्न संपले का, म्हणून आता जर्मन शिपायांच्या आठवणी वाचायच्या?" प्रश्न रास्त आहे. ऐंशी वर्षांपूर्वीचं युद्ध, परका मुलूख, आणि लिहिणारे सगळे पुरुष. तरीही गेलं वर्षभर मी ही पुस्तकं वाचते आहे. इंग्रजी भाषांतरांतून वाचते, कारण जर्मन मला येत नाही. ती वाचताना मला सारखी आपल्या सल्ला केंद्राची आठवण येत होती. का, ते सांगायचा प्रयत्न करते.

मी सेनापतींच्या आत्मचरित्रांबद्दल बोलत नाही. त्यांनी युद्ध संपल्या-संपल्या आपापली बाजू मांडून घेतली. मी बोलते आहे ते खंदकातल्या साध्या शिपायांबद्दल. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या सैन्यदलांत सुमारे पावणेदोन कोटी माणसं होती. कारकून, शेतमजूर, विद्यार्थी, सुतार. त्यातले बहुतेक कधी ना कधी पूर्वेच्या आघाडीवर, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत रशियात जाऊन आले. त्यातल्या काहींनी लिहून ठेवलं.

कागद कुणी जपले?

पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती ही की हे कागद आपल्यापर्यंत पोचले ते बायकांच्या हातांतून.

ग्युंटर कोशोरेक नावाचा एक मशीनगनवाला १९४२ च्या शरद ऋतूत स्टालिनग्राडच्या भागात पोचला. साध्या शिपायाला रोजनिशी ठेवायला बंदी होती. तो मिळेल त्या चिटोऱ्यावर लिही आणि कोटाच्या अस्तरात शिवून टाकी. रजेवर घरी गेला की ते कागद आईच्या स्वाधीन करी. पुढे ते हरवले, आणि कित्येक दशकांनी अमेरिकेत राहणाऱ्या मुलीची पुन्हा गाठ पडली तेव्हा तिच्याकडून परत मिळाले. १९९८ मध्ये त्यांचं पुस्तक झालं.

विली पेटर रीझं हा दुसरा. ड्युइसबर्गचा, बँकेत उमेदवारी करणारा, कविता लिहिणारा पोरगा. १९४४ च्या सुरुवातीला रजेवर घरी आला असताना त्याने आपल्या नोंदींवरून सुमारे १४० पानांचं टंकलिखित तयार केलं. त्याच उन्हाळ्यात विटेब्स्कजवळच्या लढाईत तो नाहीसा झाला. वय तेवीस. आईने ते कागद जपून ठेवले. तिच्या मागे नातेवाइकांकडून ते एका पत्रकाराच्या हाती गेले आणि २००३ मध्ये छापले गेले.

उवे टिम या लेखकाचा थोरला भाऊ अठराव्या वर्षी आपणहून एसएसच्या लढाऊ दलात भरती झाला आणि १९४३ मध्ये युक्रेनमध्ये मेला. त्याची त्रोटक रोजनिशी घरी आली. तीही आईनेच ठेवली. आई आणि बहीण हयात असेपर्यंत टिम त्याबद्दल लिहू शकला नाही. त्याचंही पुस्तक २००३ सालचंच.

म्हणजे बघा. मुलाने काय भोगलं हे आईने पेटीत जपलं. मुलाने काय केलं हेही त्याच पेटीत होतं. आईने ते वाचलं असेल, की नुसतंच जपलं असेल? आपण घराघरांतून पाहतो ना, मुलाच्या वागण्यावर पांघरूण घालणारी आणि त्याच्यासाठी रात्र-रात्र रडणारी आई एकच असते. तिला दोष देणं सोपं आहे. पण कुटुंबाची अब्रू सांभाळायचं काम बाईच्याच पदरात कुणी टाकलं, तेही विचारलं पाहिजे.

मी रडले, ते का?

या पुस्तकांत दुःख खरं आहे. १९४१ चा रशियातला हिवाळा. उन्हाळी कपड्यांतलं सैन्य. हिमदंशाने काळी पडलेली बोटं. अंगभर उवा, हगवण, सतत भिजलेले पाय. शेजारी झोपलेला मित्र सकाळी उठतच नाही. भीतीने विजार ओली झाल्याचं, आईच्या नावाने हाका मारल्याचं ही माणसं लिहितात. मर्दपणाचे जे ढोल राष्ट्राने त्यांच्या कानात वाजवले होते, ते खंदकात दोन दिवसांत फुटतात. पुरुषांनी पुरुषांबद्दल इतकं उघडं लिहिलेलं मी फार थोडं वाचलं आहे. वाचताना मी रडले. मला त्याची लाज वाटत नाही.

पण मग एके रात्री मी एक पान पुन्हा वाचलं. आठ-दहा शिपाई गारठून एका खेड्यात शिरतात. एका झोपडीत चुलाणं पेटलेलं असतं. ते आत जातात, चुलाण्याशेजारी झोपतात. सकाळी त्यांच्या पायांत नमद्याचे उबदार बूट असतात. पुढचं पान लढाईचं.

मी थांबले. चुलाणं कुणी पेटवलं होतं? बूट कुणाचे होते? उणे तीस अंशांत त्या झोपडीतली बाई पोरं घेऊन कुठे गेली? अशा झोपड्या मग मला जवळपास प्रत्येक पुस्तकात दिसू लागल्या. बाई असते ती अर्ध्या ओळीपुरती. म्हातारी असेल तर ती 'मायाळू' असते, बटाटे उकडून देते. तरुण असेल तर तिचे डोळे सुंदर असतात. तिला नाव नसतं. ती काय म्हणाली ते नसतं.

शिपायांच्या बोलीत लुटीला एक शब्द होता, 'ऑर्गनिझीरन'. म्हणजे जमवाजमव करणं, सोय लावणं. कोंबडी 'जमवली', गाय 'जमवली', बूट 'जमवले'. चोरी हा शब्दच नको. आणि जिथे जमवाजमवही म्हणता येत नाही, तिथे कर्ता गायब होतो. गाव जाळलं गेलं. कैद्यांचं निकालात काढलं गेलं. जाळलं कुणी, ते वाक्यात नसतं.

हे व्याकरण आपल्या ओळखीचं आहे की नाही? आपल्या केंद्रात नवरा येतो तेव्हा "मी मारलं" असं किती जण म्हणतात? "हात उचलला गेला", "रागाच्या भरात झालं", "परिस्थितीच तशी होती". मराठीतला कर्मणी प्रयोग शाळेत शिकवतात, पण तो खरा कळतो तो आपल्या केंद्रात.

आमची एक चूक

इथे मला आमचीच एक चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी एक जोडपं केंद्रात आलं. तिचा अर्ज मारहाणीचा होता. त्याचा कारखाना बंद पडला होता, कर्ज होतं, बाप आजारी होता. तो बोलता-बोलता ढसाढसा रडला. पुरुष असा रडताना आपण क्वचित पाहतो. मी स्वतः त्याला पाणी आणून दिलं. आम्ही दोघी-तिघी कार्यकर्त्या त्याच्याशी तासभर बोललो. सगळ्यांचं मत झालं, माणूस वाईट नाही, परिस्थितीने पिचलेला आहे. समजुतीचा कागद केला आणि तिला त्याच्याबरोबर घरी पाठवलं.

तीन आठवड्यांनी ती परत आली. मनगट प्लास्टरमध्ये होतं. ती आमच्यावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, त्या दिवशी तो रडला, मग तुम्ही मला काही विचारलंच नाही."

त्याचं रडणं खोटं नव्हतं. आजही मी तसंच म्हणेन. चूक अशी झाली की त्याचं दुःख खरं आहे म्हणताना आम्ही तिला खोलीतून पुसून टाकलं. जर्मन शिपायाच्या पुस्तकात मी रडले तेव्हा मी तेच करत होते.

जे लिहिलं आणि जे नाही

रीझंकडे परत येते. त्याने इतरांपेक्षा जास्त कबूल केलं आहे. आपण लुटलं, जाळलं, बायकापोरांच्या तोंडचा घास काढून घेतला, हे तो लिहितो. आपण स्वतःलाच परके झालो, असं त्याला वाटतं. त्याच पुस्तकात प्रवासातल्या दारूकामाचं वर्णन आहे. एका रशियन कैदी बाईला आम्ही नग्न नाचायला लावलं, तिच्या छातीला बुटाचं पॉलिश फासलं, तिला आमच्याइतकीच दारू पाजली, असं तो जेमतेम एक-दोन वाक्यांत सांगतो. मग यांची नशा उतरल्याची नोंद आहे. तिचं पुढे काय झालं याची नाही. आपल्या आत्म्याच्या पडझडीवर पानंच्या पानं लिहिणाऱ्या संवेदनशील कवीलाही ती बाई आपल्या पडझडीचा एक पुरावा म्हणूनच दिसली. माणूस म्हणून दिसली नाही.

कुणी म्हणेल, युद्धात असं होतंच. 'होतंच' हा शब्द आपण खपवून घ्यायचा नाही. त्यासाठी व्यवस्था केलेली होती. रशियावर हल्ला करण्याआधीच, १३ मे १९४१ रोजी, हुकूम निघाला की तिथल्या नागरिकांविरुद्ध शिपायाने केलेल्या गुन्ह्यांवर खटला भरणं बंधनकारक नाही. सैन्याच्या शिस्तीला धक्का बसत असेल तरच भरावा. सैन्याने जिंकलेल्या मुलखातूनच पोट भरायचं आणि त्यापायी कोट्यवधी लोक उपाशी मरतील, हा हिशेबही त्याच महिन्यात वरिष्ठांच्या बैठकीत मांडला गेला होता. बलात्काराचे जे खटले उभे राहिले, त्यांचा अभ्यास बिर्गिट बेक या संशोधक स्त्रीने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. न्यायालयांना चिंता होती ती शिस्तीची आणि सैन्याच्या नावाची. बाईला झालेली इजा हा मुद्दा मागे पडत होता, आणि पूर्वेकडच्या बाईच्या बाबतीत तर फारच मागे. २०१० मध्ये रेगिना म्यूलहॉयझर यांनी सोव्हिएत मुलखातल्या लैंगिक अत्याचारांवर सविस्तर पुस्तक लिहिलं. बायका संशोधनात उतरल्या तेव्हा हे प्रश्न नीट विचारले गेले, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

आणखी एक पुरावा आहे. ब्रिटन आणि अमेरिकेने पकडलेल्या जर्मन कैद्यांच्या कोठड्यांत चोरून मायक्रोफोन लावले होते. त्या बोलण्याची सुमारे दीड लाख पानं लंडन आणि वॉशिंग्टनच्या दप्तरखान्यांत पडून होती. झोंके नाइट्झेल या इतिहासकाराला त्यांचा माग २००१ मध्ये लागला आणि २०११ मध्ये हाराल्ड वेल्त्झर यांच्याबरोबर त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. आपलं कुणी ऐकत नाही असं समजून शिपाई आपापसांत बोलतात, तेव्हा त्यात गोळ्या घालणं येतं, बायकांवरचे अत्याचार येतात, आणि तेही हसत-खिदळत, फुशारकी मारत. याच पिढीच्या छापील आठवणींत यातलं फार थोडं येतं. म्हणजे त्यांना आठवत होतं. मित्रांना काय सांगायचं आणि आईला, बायकोला काय लिहायचं, याची निवड ते करत होते.

क्लाउस थेवेलाइट याने १९७७ मध्येच हे दाखवलं होतं. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन स्वयंसेवक टोळ्यांतल्या पुरुषांच्या आठवणी आणि कादंबऱ्या त्याने वाचल्या. त्यांत घोडे आणि सोबती जिवंत होते, बायकोला मात्र बऱ्याचदा नावसुद्धा नव्हतं.

कुणाच्या आठवणींना बाजार मिळाला?

युद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीत शिपायांच्या गोष्टी धो-धो खपल्या. 'डेर लांडसर' नावाची युद्धकथांची स्वस्त पुस्तिका १९५७ मध्ये निघाली आणि २०१३ पर्यंत चालली. त्यात शिपाई शूर असायचा, मित्राला जागणारा असायचा, नशिबाचा बळी असायचा.

त्याच काळात एका बाईनेही लिहिलं होतं. २० एप्रिल ते २२ जून १९४५, बर्लिन. रशियन सैनिक शहरात शिरले आणि मोठ्या प्रमाणावर बलात्कार झाले. तिच्यावरही झाले. तिने न रडता, न सजवता रोजनिशी लिहिली. ती आधी १९५४ मध्ये अमेरिकेत इंग्रजीतून निघाली. जर्मन भाषेत १९५९ मध्ये, तीही स्वित्झर्लंडमधून, आणि बिननावाने. तेव्हा तिच्यावर टीका झाली ती जर्मन स्त्रीच्या अब्रूला काळिमा फासला म्हणून. तिने ठरवलं, मी जिवंत असेपर्यंत हे पुन्हा छापायचं नाही. ती २००१ मध्ये वारली. २००३ मध्ये पुस्तक पुन्हा आलं आणि हातोहात खपलं. पत्रकारांनी तिचं नाव हुडकून काढलं. तिला ते नको होतं, म्हणून मी ते घेणार नाही.

२००३ हे वर्ष लक्षात ठेवा. एकाच वर्षी शिपायाचं पुस्तक आलं आणि या बाईचंही. त्याचे कागद आईने पेटीत ठेवले होते. तिचे शब्द मात्र अब्रूच्या धाकाने तिलाच पेटीत घालावे लागले.

दोन खबरदाऱ्या

आता एक खबरदारी. "जर्मन पुरुष तेवढे राक्षस" असा निष्कर्ष काढून आपण मोकळ्या होऊ नये. बर्लिनच्या त्या बाईवर अत्याचार करणारे सैनिक जिंकलेल्या, आणि ज्यांची गावं जाळली गेली होती त्या बाजूचे होते. वर्दी बदलली तरी बाईच्या देहावर सूड उगवायची रीत बदलली नाही. त्याच वेळी हेही विसरायचं नाही की ते युद्ध जर्मनीने लादलं होतं, सोव्हिएत बाजूची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं त्यात गेली, आणि पकडलेल्या सोव्हिएत सैनिकांपैकी तीस लाखांहून अधिक जर्मनांच्या छावण्यांत मेले. सगळेच बळी, असं म्हणून हिशेब मिटत नाही.

दुसरं, नाही म्हणणारेही होते. पळून गेलेल्या सुमारे पंधरा हजार जर्मन शिपायांना त्यांच्याच सैन्याने मारलं. त्यांच्या आठवणींना कित्येक वर्षं बाजार नव्हता. त्यांच्या विधवा 'गद्दाराची बायको' म्हणून जगल्या. मारल्या गेलेल्या शिपायाच्या विधवेला भरपाईचा हक्क आहे, हे जर्मनीच्या केंद्रीय सामाजिक न्यायालयाने मान्य केलं ते १९९१ मध्ये. पळालेल्यांच्या शिक्षा संसदेने रद्द केल्या त्या २००२ मध्ये.

आणि १९९५ पासून हँबुर्गच्या एका संशोधन संस्थेने सैन्याच्या गुन्ह्यांचं प्रदर्शन गावोगाव नेलं, तेव्हा त्यातले कित्येक फोटो शिपायांनीच काढलेले, पाकिटात जपलेले होते. काही फोटोंखालच्या ओळी चुकल्या होत्या, म्हणून १९९९ मध्ये ते थांबवून तपासलं गेलं. मूळ म्हणणं खरं ठरलं, आणि २००१ मध्ये नव्याने मांडलेलं प्रदर्शन आलं. त्या फोटोंसमोर उभं राहून कितीतरी जणी आपला बाप त्यात दिसतो का, ते शोधत होत्या. आपल्या बापाकडे असं पाहायला फार धैर्य लागतं.

आपल्याकडचा धागा

याच जर्मन सैन्यासमोर इटलीत आपल्याकडची माणसंही उभी होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी तिथे लढल्या. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिथे मारले गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोकणातल्या, साताऱ्याकडच्या साध्या शिपायाने लिहिलेलं पुस्तक मात्र माझ्या हाती एकही आलेलं नाही. आणि मागे राहून भातशेती करणाऱ्या, मनिऑर्डरीची वाट पाहणाऱ्या बायकांचं तर नाहीच नाही. त्या बहुतेक आता गेल्या. पण त्यांच्या लेकी-नाती आहेत. ज्यांचं काम त्या भागात आहे त्यांनी त्यांच्याजवळ बसावं, आजीने काय सांगितलं ते लिहून घ्यावं. आजोबांचा पराक्रम विचारावाच. पण ते परत आल्यावर घरात कसे वागत, हेही विचारावं.

वाचायचं कसं?

शेवटी माझी सूचना एवढीच. पुरुषाच्या दुःखाची कहाणी समोर आली, मग ती पुस्तकात असो की केंद्रात, तर ती पूर्ण ऐकायची. अर्धवट ऐकून माणूस बदलत नाही. पण ऐकताना वहीत चार प्रश्न लिहून ठेवायचे. या वाक्याचा कर्ता कोण? चुलाणं कुणी पेटवलं होतं? ती पुढे कुठे गेली? आणि हे होऊ देणारा हुकूम कुणाचा होता?

पहिल्या प्रश्नाने तो माणूस जबाबदार ठरतो. मधल्या दोन प्रश्नांनी बाई खोलीत परत येते. चौथ्याने व्यवस्था समोर येते. एकही गाळला तर आपला न्याय लंगडा.

त्या प्लास्टरवालीनंतर आम्ही केंद्रात एक नियम केला आहे. नवरा रडला तर त्याला पाणी द्यायचं. पण त्याच वेळी दुसरीने तिच्याशेजारी जाऊन बसायचं आणि विचारायचं, "तुला काय म्हणायचंय?" नियम साधाच आहे. तो आम्हाला आधी सुचला नाही, आणि त्याची किंमत तिने मोजली.

आता चर्चेला सुरुवात करूया. पहिला प्रश्न विचारणाऱ्या मैत्रिणीनेच करावी.